ड्रायव्हरची लाडकी गाडी : निबंधाचा प्रश्न थोडा बदलून बघूया



'माझी आवडती गाडी' हा विषय तुम्ही कधी ना कधी फळ्यावर लिहिला असेल, किंवा घरी मुलाच्या वहीत पाहिला असेल. त्यावर येणारं उत्तरही तुम्हाला तोंडपाठ असेल. 'माझ्या बाबांकडे लाल रंगाची कार आहे. तिला चार चाके आहेत. आम्ही तिच्यात बसून फिरायला जातो. मला माझी कार खूप आवडते.' चाळीस वह्या तपासायला घ्या, चाळीस वेळा चार चाकं मोजायची. फरक काय तो रंगाचा. ज्याच्या घरी गाडी नाही तो मुलगा शेजारच्याची गाडी आपली म्हणून लिहितो, नाहीतर गाईडमधली उतरवतो. दोन्ही वेळा त्याला वाईट वाटतं, आणि ते आपल्याला कळतही नाही.

माझं स्पष्ट मत असं आहे की यात मुलांचा दोष नाही. आपण प्रश्नच चुकीच्या माणसाला विचारतो. तेरा वर्षांच्या मुलाने गाडी चालवलेली नसते. तो मागच्या सीटवर बसलेला असतो, खिडकीतून बाहेर बघत. गाडी आवडणं म्हणजे काय, हे ज्याच्या हातात अनेक वर्षं स्टिअरिंग राहिलं त्याला ठाऊक असतं. म्हणून हा प्रश्न मुलाने ड्रायव्हरला विचारावा आणि जे ऐकलं ते निबंधात लिहावं. एवढाच बदल मी सुचवते आहे. तो दिसायला छोटा आहे, पण त्यातून वर्गात बरंच काही येतं.

प्रश्न नेमका कोणता?

आमची शाळा कराड-चिपळूण रस्त्यापासून फार लांब नाही. इथं घरटी नाही म्हटलं तरी दर दोन-तीन घरांमागे एक ड्रायव्हर सापडतो. कुणी एसटीत, कुणी ट्रकवर, कुणी मुंबईला टॅक्सीवर, कुणी पुण्यात मालकाच्या गाडीवर, कुणी उसाच्या ट्रॅक्टरवर. आठवीच्या वर्गाला मी एकच वाक्य लिहून दिलं : 'तुम्ही आजवर चालवलेल्या सगळ्या गाड्यांपैकी तुमची सर्वात लाडकी गाडी कोणती, आणि का?'

यातला 'चालवलेल्या' हा शब्द महत्त्वाचा आहे बरं का. 'तुमच्या मालकीची' असं विचारलं की अर्धं गाव गप्प बसतं. 'चालवलेल्या' म्हटलं की सगळे बोलायला लागतात. आणि 'का?' हा दुसरा शब्द मुलांनी निदान तीनदा विचारायचा, अशी अट घातली. पहिल्या 'का'ला माणूस म्हणतो, 'चांगली होती.' दुसऱ्याला म्हणतो, 'कधी दगा दिला नाही.' तिसऱ्या 'का'ला तो जरा थांबतो आणि मग खरं सांगतो.

उत्तरं काय आली?

मुलांची अपेक्षा अशी की सगळे कुठल्यातरी महागड्या, परदेशी गाडीचं नाव घेतील. तसं एकानंही घेतलं नाही. काही उत्तरं इथं देते. नावं देत नाही, कारण ही माणसं आमच्या आसपासच राहतात.

एका मुलाचे आजोबा एसटीतून निवृत्त झालेले. त्यांची लाडकी गाडी म्हणजे मुक्कामाला जाणारी एक जुनी लाल बस. संध्याकाळी डेपोतून निघायची, डोंगरातल्या शेवटच्या गावात रात्री थांबायची आणि पहाटे परत निघायची. त्या बसला पॉवर स्टिअरिंग नव्हतं. घाटातल्या वळणावर सीटवरून अर्धं उठून स्टिअरिंग ओढायला लागायचं. मग ती लाडकी कशी? तर आजोबा म्हणाले, "बाळा, त्या गाडीची सगळं गाव वाट बघायचं. तिच्यातनं पोरं दहावीच्या परीक्षेला गेली, बायका बाळंतपणाला गेल्या. मी जरा उशिरा आलो तर म्हातारी माणसं फाट्यावर कंदील घेऊन उभी असायची." त्यांना बसचा नंबर अजून पाठ आहे. नातवाचा मोबाईल नंबर मात्र पाठ नाही, हे नातवानेच निबंधात लिहिलं.

दुसरे एक आजोबा मुंबईत टॅक्सी चालवायचे. त्यांची लाडकी गाडी कोणती असेल हे तुम्ही ओळखलंच असेल. काळी-पिवळी फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी. तिचा गिअर खाली जमिनीवर नसायचा, तर स्टिअरिंगला चिकटून, डाव्या हाताशी असायचा. पुढचं सीट सलग बाकासारखं. आजोबांनी नातीला रिकाम्या हवेत हात फिरवून चारही गिअर टाकून दाखवले. गाडी सोडून कितीतरी वर्षं झाली, पण हाताची सवय गेली नाही. नातीने लिहिलं, 'आजोबांचा हात गाडी विसरला नाही.' आठवीतल्या मुलीचं हे वाक्य आहे. कुठल्या गाईडमध्ये सापडेल सांगा बघू?

एका मुलीची आई शाळेची मुलं ने-आण करण्यासाठी ओम्नी चालवायची. ही आईसुद्धा ड्रायव्हरच, पण मुलीच्या डोक्यात तोपर्यंत ड्रायव्हर म्हटलं की पुरुषच होता. आईने सांगितलं, की सरकतं दार बंद झाल्याचा तो 'खटाक्' आवाज ऐकल्याशिवाय ती गाडी पुढे घ्यायची नाही, कारण आत दुसऱ्यांची लेकरं बसलेली. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळे थंडीत बसायला ऊब मिळायची. आता त्या घरी नवी, एसी असलेली गाडी आहे. पण आई म्हणते, "पहिला स्वतःचा पैसा त्या ओम्नीनं दिला."

आणि चौथं उत्तर. एका मुलीचे वडील पुण्यात एका उद्योजकाच्या गाडीवर ड्रायव्हर आहेत. ती गाडी इतकी महाग आहे की तिच्या किमतीत आमच्याकडे दोन घरं बांधून होतील. बटण दाबलं की सुरू होते, मागे घेताना पडद्यावर रस्ता दाखवते. मुलीला वाटलं, बाबा हीच सांगणार. बाबांनी सांगितली ती पंधरा-सोळा वर्षांपूर्वी घेतलेली सेकंडहॅण्ड कमांडर जीप. बाजाराच्या दिवशी ते तिच्यावर वडाप करायचे. माणसं दाटीवाटीनं बसवायचो ते बरोबर नव्हतं, हेही त्यांनी स्वतःच सांगितलं. जीप दोनच वर्षं टिकली. आजीचं ऑपरेशन निघालं आणि ती विकावी लागली. मुलीने तिसऱ्यांदा 'का?' विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ह्या गाडीचा आवाजच येत नाही. तिचा आवाज मला लांबनं वळखायचा. आन् ती माझी होती."

ही मुलगी शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे दरवर्षी 'खासगी नोकरी' असं लिहायची. त्यात खोटं काही नाही. पण शिक्षकांनो, अशा किती मुलांच्या फॉर्मवर 'खासगी नोकरी' असतं आणि त्यामागे काय असतं, ते आपण कधी पाहतो का? निबंधात तिने पहिलं वाक्य लिहिलं, 'माझे बाबा बावीस वर्षे ड्रायव्हर आहेत.' मला त्या वहीवर शेरा काय लिहावा ते पटकन सुचलं नाही.

ड्रायव्हरला गाडी आवडते म्हणजे काय?

सगळी उत्तरं एकत्र ठेवून वाचली की एक गोष्ट लक्षात येते. विकत घेणारा माणूस गाडीत काय काय आहे ते बघतो. ड्रायव्हर मात्र त्या गाडीने आपल्याकडून काय काय करून घेतलं ते आठवतो. जी गाडी हाताला, कानाला, डोक्याला काम द्यायची, तीच लक्षात राहते. जुन्या गाड्यांचा आवाज ऐकून कुठला नट सैल झालाय ते कळायचं. पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन रस्त्याकडेला बरीचशी दुरुस्ती करता यायची. गाडी आपल्याला कळते, ही भावना फार मोठी असते. मुलांना गणित 'कळतं' तेव्हा जी भावना येते तीच ही, असं मला वाटतं.

दुसरं म्हणजे, गाडी लाडकी होते ती त्या काळातल्या माणसांमुळे. एसटीवाल्या आजोबांना कंदील आठवतात, ओम्नीवाल्या आईला लेकरं. वडील आणि जीप यांच्यामध्ये तर एक ऑपरेशन उभं आहे.

देशातलं एक सर्वांना माहीत असलेलं उदाहरण सांगते. 14 डिसेंबर 1983 रोजी मारुती 800 या गाडीची पहिली किल्ली त्या वेळच्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते दिल्लीच्या हरपाल सिंग यांना मिळाली. ते इंडियन एअरलाइन्समध्ये नोकरीला होते, सोडतीत त्यांचं नाव निघालं होतं. गाडीची किंमत तेव्हा पन्नास हजारांच्या आसपास. तीन सिलिंडरचं, 796 सीसीचं छोटंसं इंजिन. पुढे देशात कितीतरी नव्या गाड्या आल्या, पण हरपाल सिंग यांनी ती पहिली गाडी 2010 मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत विकली नाही. नंतर ती दुरुस्त करून, रंगवून कंपनीच्या मुख्यालयात ठेवली गेली. अशी गाडी जपणारा माणूस काय जपत होता, हा प्रश्न वर्गात विचारून बघा. मुलं फार सुंदर उत्तरं देतात.

एका उत्तरात किती विषय!

'मॅडम, हा भाषेचा तास झाला की गप्पांचा?' असं मला विचारलं गेलं. म्हणून मुद्दाम सांगते, या गप्पांतून कुठल्या कुठल्या विषयाचे धडे निघाले.

विज्ञान : एसटीवाल्या आजोबांनी 'डबल क्लच' हा शब्द सांगितला. जुन्या गिअरबॉक्समध्ये खालचा गिअर टाकायचा तर क्लच दाबून आधी न्यूट्रल, मग क्लच सोडून थोडा अ‍ॅक्सिलरेटर, पुन्हा क्लच दाबून गिअर. असं का? तर आत फिरणाऱ्या दोन दातेरी चाकांचा वेग जुळला पाहिजे. नाही जुळला तर 'कर्रर्र' आवाज होणार. फियाटवाल्या आजोबांनी 'चोक' सांगितला. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून चोक ओढून हवा कमी करायची, म्हणजे मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं आणि इंजिन पकडतं. आता हे काम गाडीतला संगणक करतो, म्हणून आजच्या मुलांना चोक दिसतच नाही.

भूगोल : कुंभार्ली घाटातून चाललेल्या प्रत्येक ड्रायव्हरने एक नियम सांगितला. ज्या गिअरवर घाट चढायचा त्याच गिअरवर उतरायचा. उतारावर नुसत्या ब्रेकवर भरवसा ठेवला तर ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. इंजिनानेच गाडीला अडवून धरायचं. आणि अरुंद चढावर समोरासमोर आलात तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. ही नुसती माणुसकी नाही, वाहतुकीचा तसा नियमच आहे. पश्चिम घाटाचा उतार नकाशात तपकिरी रंगाने दाखवतात. ड्रायव्हरच्या तोंडून तो ऐकला की मुलांच्या पोटात गोळा येतो, आणि मग तो कायमचा लक्षात राहतो.

इतिहास : 1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या मार्गावर पहिली एसटी धावली. एसटीच्या लाल बसची बॉडी आपल्याच महामंडळाच्या कार्यशाळांत, म्हणजे पुण्याजवळ दापोडी, औरंगाबादजवळ (आताचे छत्रपती संभाजीनगर) चिकलठाणा आणि नागपूरजवळ हिंगणा इथं बांधली जायची, हे मुलांना माहीतच नव्हतं. काळी-पिवळी फियाट बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी 1944 मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी सुरू केली. कारखाना मुंबईत कुर्ल्याला. 1970 च्या दशकात गाडीचं नाव बदलून पद्मिनी झालं, पण लोकांच्या तोंडी 'फियाट'च राहिलं. ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस वयाची मर्यादा संपून शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. आणि 1994 मध्ये आलेल्या टाटा सुमोचं नाव जपानी कुस्तीवरून आलेलं नाही. सुमंत मूळगावकर यांच्या नावाची पहिली अक्षरं म्हणजे सुमो. टेल्कोच्या उभारणीत ज्यांचा फार मोठा वाटा, अशा माणसाचं नाव गावोगावच्या रस्त्यांवर धावत होतं आणि आपल्याला पत्ताच नव्हता.

भाषा : आणि शब्द तर विचारूच नका. स्टेपनी, टप, डिकी, डिपर, फाटा, मुक्कामी गाडी, वडाप, गाडी 'मार खाते', इंजिन 'पकडतं', ब्रेक 'लागतात', टायर 'बसतो', गाडी 'पाणी मागते'. यंत्राला माणसासारखी क्रियापदं लावणारी ही भाषा आपल्याच आसपास बोलली जाते. ती निबंधात येऊ द्यावी. 'दुचक्रवाहिनी' आणि 'चारचाकी वाहन' असे शब्द मुलांच्या तोंडी जबरदस्तीने घालून आपण त्यांचं मराठी समृद्ध करत नाही, उलट बुजवतो, असं माझं मत आहे.

काही शंका, काही उत्तरं

पहिली शंका : जुन्या गाड्यांचं असं कौतुक करून आपण मुलांना मागे तर नेत नाही ना? शंका योग्य आहे. जुन्या गाड्यांत एअरबॅग नव्हत्या, मागे तर सोडाच, पुढेही कुणी पट्टा लावत नव्हतं. धूर जास्त होता. ड्रायव्हरची पाठ आणि खांदे कामातून जायचे. मुक्कामाच्या बसवाल्या आजोबांना नातवाने शेवटी विचारलं, "मग परत ती गाडी मिळाली तर चालवाल का?" आजोबा हसून म्हणाले, "एक चक्कर मारीन. रोज नको रं बाबा. तुला शाळेत सोडायला तर नकोच, आताचीच बरी." प्रेम आणि शहाणपण एकाच माणसात कसं राहतं, हे शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही. मुलांना सांगा, की हे वाक्य निबंधात आलंच पाहिजे. गाडीचं कौतुक लिहायचं, आणि तिची उणीवही लिहायची.

दुसरी शंका : परीक्षेत असा प्रश्न येत नाही, मग वेळ कशाला घालवायचा? परीक्षेत आत्मकथन येतं, प्रसंगलेखन येतं, मुलाखत येते, वर्णनात्मक निबंध येतो. एका ड्रायव्हरशी अर्धा तास बोललेलं मूल या चारही प्रकारांत लिहू शकतं. 'मी एसटी बोलतेय' हे आत्मवृत्त आपण वर्षानुवर्षं पाठ करून घेतो. ज्याने ती एसटी चालवली त्याच्याकडून ऐकून लिहिलं तर तेच आत्मवृत्त जिवंत होणार नाही का?

तिसरी शंका एका पालकांची होती : 'आमच्या मुलाने ड्रायव्हर व्हावं असं तुम्हाला वाटतं का?' मी त्यांना शांतपणे विचारलं, की तुमचा मुलगा रोज ज्या बसने शाळेत येतो, तिच्या ड्रायव्हरचं नाव त्याला माहीत आहे का? मुलाने मोठेपणी काय व्हावं तो त्याचा प्रश्न. पण ज्या माणसाच्या हातात आपण आपला जीव रोज देतो, त्याच्या कामात ज्ञान आहे एवढं तरी त्याला कळलं पाहिजे. ज्या घरातला कर्ता माणूस ड्रायव्हर आहे, त्या घरच्या मुलाला तर हे शाळेतून कळलंच पाहिजे. नाहीतर शाळा त्याला नकळत एवढंच शिकवते, की तुझ्या बापाचं काम लपवण्यासारखं आहे. याची जबाबदारी मग कुणाची?

निबंध कसा लिहून घ्यावा?

शिक्षकांसाठी चार साध्या सूचना.

1. दहा वर्षं तरी गाडी चालवलेल्या माणसालाच विचारायचं. गाडी कोणतीही चालेल : बस, ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर, रिक्षा, कार.

2. पाच गोष्टी लिहून आणायच्या : गाडी कोणती, ती हाती कशी आली, तिचा एक आवाज किंवा वास, तिच्यासोबतचा एक प्रसंग, आणि ती शेवटी कुठे गेली.

3. ड्रायव्हरचं निदान एक वाक्य जसंच्या तसं, त्याच्याच बोलीत, अवतरणचिन्हात लिहायचं. त्यातलं व्याकरण दुरुस्त करायचं नाही.

4. माणसाने सांगायला नको म्हटलं तर तो भाग सोडून द्यायचा. ड्रायव्हरच्या आयुष्यात अपघातही असतात, नुकसानही असतं. दुखऱ्या जागी बोट ठेवायचं नाही, हाही लेखनाचाच धडा आहे.

सुरुवात कशी करावी हे मुलांना कळत नाही, म्हणून मी एक छोटा नमुना फळ्यावर लिहून देते. तुम्हीही वापरू शकता :

'आमच्या शेजारचे काका पूर्वी टेम्पो चालवायचे. त्यांचा टेम्पो निळा होता आणि त्याला कांद्याचा वास यायचा. काका म्हणतात, तो वास कितीही धुतला तरी गेला नाही. मी विचारले, "मग वाईट वाटायचे का?" काका म्हणाले, "वास गेला असता तर धंदा गेला असता." आज काकांकडे टेम्पो नाही. पण कांद्याची गाडी रस्त्याने गेली की ते मान वळवून बघतात.'

बघा, यात एकही अवघड शब्द नाही, एकही सुविचार नाही. चार चाकंसुद्धा कुणी मोजलेली नाहीत. तरी गाडी दिसते, काका दिसतात.

गुण देताना शुद्धलेखनाचे गुण जरूर ठेवा, पण निम्मे गुण 'ऐकण्या'ला ठेवा. मुलाने दुसऱ्याचं किती नीट ऐकलं, ते वही वाचताना लगेच कळतं.

पालकहो, तुमच्यासाठी

तुमच्यापैकी अनेकजण रोज गाडी चालवता. तुमच्या मुलाने तुम्हाला गाडीत बोलताना ऐकलं आहे ते बहुतेक दुसऱ्या गाडीवाल्यावर चिडताना, किंवा फोनवर. तुमची पहिली गाडी कोणती होती, ती शिकताना कुणी शेजारी बसलं होतं, कुठल्या चढावर ती बंद पडली आणि कुणी धक्का मारला, हे त्याला माहीत आहे का? आईने गाडी शिकली असेल तर तिला ती शिकायला घरातून कोणी पाठिंबा दिला, कोणी हसलं, हेही त्याला कळू द्या.

एक गोष्ट मात्र आवर्जून. गाडीवरचं प्रेम दाखवायचं म्हणून अल्पवयीन मुलाच्या हातात किल्ली देऊ नका. 'गल्लीतल्या गल्लीत चालवतो' हे कौतुकाने सांगणारे पालक मला दरवर्षी भेटतात. 2019 च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायद्याची भीती बाजूला ठेवली, तरी ज्या ड्रायव्हरांशी आमची मुलं बोलली त्यांच्यापैकी एकानेही वेगाची बढाई मारली नाही. वीस-पंचवीस वर्षं गाडी चालवलेला माणूस 'मी किती जोरात चालवली' असं सांगत नाही. 'सगळ्यांना नीट पोचवलं' असं सांगतो. वेगाच्या रील्स बघणाऱ्या मुलांनी हे वाक्य आपल्याच घरच्या माणसाच्या तोंडून ऐकणं, हे रस्ता सुरक्षा सप्ताहातल्या दहा भाषणांहून जास्त उपयोगी आहे.

येत्या काही वर्षांत गाड्या आणखी बदलतील. विजेवरच्या गाड्यांना गिअर बदलायची गरज नसते, इंजिनाचा आवाजही नसतो. आजची मुलं मोठी होऊन आपली लाडकी गाडी सांगतील तेव्हा त्यात डबल क्लच नसेल, चोक नसेल. काहीतरी वेगळं असेल, आणि ते त्यांचं असेल. पण डबल क्लच मारलेले, कंदिलाच्या उजेडात गाडी वळवलेले हात आज आपल्या गावात आहेत. ते काही कायम असणार नाहीत. त्यांच्याकडचं कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच. पुढच्या निबंधाच्या तासाला विषय फळ्यावर लिहाल तेव्हा 'माझी आवडती गाडी' ऐवजी 'त्यांची लाडकी गाडी' असं लिहून बघा. आणि पालकहो, मूल वही घेऊन तुमच्यासमोर येऊन बसलं, आणि त्याने तिसऱ्यांदा 'का?' विचारलं, तर 'जा, अभ्यास कर' म्हणू नका. तो अभ्यासच करतोय.